दगडातलं लाकूड, लाकडातला दगड

जपानमध्ये मध्ययुगीन चर्च पाहू म्हटलं तर हाती काही लागत नाही. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरला. पुढच्या तीसेक वर्षांत क्यूशू आणि आसपासच्या मुलखात लहानमोठी दोनशेच्या घरात प्रार्थनागृहं उभी राहिली. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि ती सगळी पाडली किंवा जाळली गेली. त्या काळातलं एकही चर्च आज उभं नाही.

तरीही मध्ययुगातलं खेडेगावातलं चर्च म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः फोडून आणलेला दगड, पैसा संपला की थांबणारं आणि मासळी लागली की पुन्हा सुरू होणारं काम, पंचक्रोशीबाहेर कुणाला नाव माहीत नसलेला सुतार, ते सगळं जपानात आहे. फक्त ते विसाव्या शतकातलं आहे. नागासाकीच्या पश्चिमेला समुद्रात शंभरेक किलोमीटरवर गोतो नावाची बेटं आहेत. मोठी पाच आणि बाकीची बारीकसारीक धरून एकशेचाळीसच्या आसपास. त्यांच्या वळणावळणाच्या किनाऱ्यावर आज पन्नासेक चर्चं आहेत. बहुतेक एवढी लहान की आपल्याकडच्या ग्रामदैवताच्या सभामंडपात सहज मावतील.

मराठी माणसाने या वाटेला लागताना नागासाकी स्टेशनजवळची निशिझाका टेकडी चुकवू नये. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमाने इथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. त्यांतला एक आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई तिथलीच. आधी जेझुइटांबरोबर जपानला गेला, मग मकावला व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि भाषा येते म्हणून 1593 मध्ये दुभाष्या होऊन पुन्हा जपानात आला. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईच्या किल्ल्यातल्या ज्या भग्न चर्चला लोक आज त्याच्या नावाने ओळखतात, तिथे फेब्रुवारीत त्याचा सण होतो. निशिझाकावर 1962 मध्ये शिल्पकार फुनाकोशि यासुताके यांनी सव्वीसही जणांची ब्राँझची ओळ उभी केली. क्रूस दाखवलेलेच नाहीत. नुसती माणसं, हात जोडलेले किंवा पसरलेले, आणि पावलं खाली लोंबणारी. पायाखाली जमीन नाही एवढं त्या पावलांवरून कळतं. याच ओळीत योहान नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, तो गोतोचा. वसईचा आणि गोतोचा माणूस एका दिवशी एका टेकडीवर गेला, हे लक्षात ठेवूनच मी बोटीत बसलो.

नागासाकीहून जेटफॉइल दीड तासाच्या आत फुकुए बेटावर पोचवते. साधी फेरी तीन तासांहून जास्त घेते, पण मला विचाराल तर तीच घ्यावी. कारण बेटं दिसायला लागतात तेव्हा घरं दिसत नाहीत, सरळ पाण्यात उतरणारे हिरवे डोंगर दिसतात, आणि इथल्या चर्चांचा निम्मा इतिहास त्या डोंगरांत आहे. 1797 मध्ये गोतोच्या सरदाराने मुख्य भूमीवरच्या ओमुरा संस्थानाकडे शेतकरी मागितले. जमीन पडीक होती, कसायला हात हवे होते. पहिल्या खेपेला 108 माणसं आली, पुढे तीन हजारांच्या आसपास. त्यांतली पुष्कळशी छुपी ख्रिस्ती होती. दिवसा बौद्ध देवळाच्या वहीत नाव, रात्री पाठ केलेल्या प्रार्थना. सपाट जमीन आणि चांगली बंदरं आधीच्या लोकांनी घेतलेली. यांच्या वाट्याला आल्या त्या चढाच्या जागा, जिथे रताळ्याशिवाय काही पिकत नाही, आणि होडीशिवाय जिथे जाता येत नाही अशा खाड्या. चर्चं तिथेच आहेत. आज पर्यटक ज्याला निसर्गरम्य जागा म्हणतो ती तेव्हाची उरलीसुरली जमीन होती.

(रताळ्याचं म्हणून एक सांगून टाकतो. वाळवलेल्या कापा वाफवून, तांदळाबरोबर कुटून केलेला कानकोरो-मोचि नावाचा गोड पदार्थ इथे सगळीकडे मिळतो. रताळं आहे म्हणून एकादशीला खायचा मोह होईल, पण तांदळामुळे उपास मोडेल.)

बंदी उठायच्या आधी शेवटचा तडाखा बसला तो 1868 मध्ये. हिसाका बेटावर दोनशेच्या आसपास माणसांना वीस चौरस मीटरच्या एका घरात आठ महिने कोंडून ठेवलं. बेचाळीस दगावली, त्यांत लहान मुलं आणि म्हातारी जास्त. 1873 मध्ये बंदीचे फलक उतरले. त्यानंतर लोकांनी पहिली गोष्ट केली ती चर्च बांधण्याची. पैसा नव्हता, वास्तुविशारद नव्हते, आणि चर्च कसं दिसतं ते पाहिलेलं माणूसही गावात क्वचितच होतं. होते ते फ्रेंच मिशनरी आणि गावातले सुतार. हे सुतार बौद्ध होते किंवा शिंतो देवळांची कामं करणारे होते. या दोघांच्या मधल्या जागेत जे घडलं ते पाहायलाच गोतोला जायचं.

सुरुवात हिसाका बेटावरच्या जुन्या गोरिन चर्चपासून करावी. गाडीरस्ता संपल्यावर समुद्राच्या कडेने दहाएक मिनिटं पायवाट आहे. पुढे एका लहानशा धक्क्यापाशी कौलारू, फळ्यांच्या भिंतींचं बैठं घर दिसतं. खिडक्यांना टोकदार कमानी नसत्या तर कोळ्याचं घर म्हणून मी पुढे निघून गेलो असतो. हे 1881 मध्ये बेटाच्या दुसऱ्या बाजूला हामावाकि इथे बांधलं होतं. 1931 मध्ये तिथे काँक्रीटचं नवं चर्च झालं तेव्हा जुनं सुटं करून गोरिनला आणलं. जपानी सुतारकामात खाचांत खाचा बसवून सांधे करतात, त्यामुळे इमारत उतरवून दुसरीकडे उभी करणं हा अचाट प्रकार नाही, नेहमीचा आहे. युरोपातलं एखादं दगडी चर्च असं उचलून नेण्याचा विचारही कुणी करणार नाही.

आत गेल्यावर मात्र घर संपतं. खांबांच्या दोन रांगा, मधे उंच दालन, बाजूला दोन बुटकी, आणि वर फांद्यांसारख्या फुटलेल्या लाकडी बरगड्या. प्रत्येक खांबाच्या डोक्यापासून बरगड्या निघतात, वर जाऊन समोरून आलेल्या बरगड्यांना भेटतात आणि मधल्या पाकळ्या पातळ फळ्यांनी भरलेल्या आहेत. मांडवाला आतून चांदवा बांधतात तसं ते छत वर फुगलेलं आहे. जपानीत याला वटवाघळाचं छत म्हणतात, पसरलेल्या पंखांवरून.

इथे जरा थांबायला हवं, कारण गोतोच्या सगळ्या लाकडी चर्चांची मेख या छतात आहे. फ्रान्समधल्या गॉथिक चर्चमध्ये बरगड्यांचं छत दगडाचं असतं आणि त्याचं वजन बरगड्यांवरून खांबांवर, खांबांवरून आणि बाहेरच्या टेकूंवरून जमिनीत उतरतं. बरगडी काढली तर छत कोसळेल. गोतोत बरगडीवर कसलंच वजन नाही. खरं छप्पर वर वेगळं आहे. कैच्या, आढं, वासे आणि कौलं असं चारचौघांसारखं जपानी छप्पर. बरगड्या आणि फळ्या त्याला खालून लटकवलेल्या आहेत. जे दगडात भार पेलण्यासाठी जन्माला आलं ते लाकडात नुसता आकार होऊन आलं. काही कलासमीक्षक याला नक्कल म्हणून नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही. भूकंप आणि तुफानांच्या देशात डोक्यावर शेकडो टन दगड न ठेवण्याचा शहाणपणा त्या सुतारांना उपजत होता. पाद्रीबाबांना हवा तो आकार त्यांनी दिला, पण इमारत उभी ठेवायचं काम आपल्या पद्धतीनेच केलं.

या सुतारांत सगळ्यांत मोठं नाव तेत्सुकावा योसुके. जन्म 1879, नाकादोरी बेट, सुताराचं घर. 1899 मध्ये त्याच बेटावर सोने गावात चर्च बांधलं जात होतं तिथे तो कामाला लागला आणि फादर पेल्यू यांच्याकडून बरगड्यांचं छत आखायला शिकला. पुढे फादर दे रोत्झ यांच्याकडून बांधकामाचं बरंच काही. 1907 मध्ये त्याचं स्वतःचं पहिलं चर्च झालं. त्यानंतर बांधलेली, वाढवलेली, दुरुस्त केलेली धरून पन्नासच्या आसपास. लाकडात, विटेत, दगडात आणि शेवटी काँक्रीटमध्ये. युरोप त्याने पाहिला नाही. ख्रिस्ती तो झाला नाही. सत्त्याण्णव वर्षं जगला आणि 1976 मध्ये बौद्ध म्हणूनच गेला. ज्या देवाची घरं बांधण्यात उभा जन्म घालवला त्याची दीक्षा न घेणं यात त्याला काही विसंगत वाटलं नसावं. आपल्याकडे मशिदीचे मिनार घडवणारे हिंदू पाथरवट आणि देवळांवर काम केलेले मुसलमान कारागीर होऊन गेलेच की.

दे रोत्झ यांच्यासाठी थोडी वाकडी वाट करतो. हे गृहस्थ 1868 मध्ये जपानला आले आणि 1914 मध्ये वारले, मधे एकदाही फ्रान्सला गेले नाहीत. नागासाकीच्या उत्तरेला सोतोमे नावाच्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर त्यांनी शित्सु इथे 1882 मध्ये चर्च बांधलं आणि समुद्रवाऱ्याला घाबरून छप्पर मुद्दाम बसकं ठेवलं. ओनो इथल्या 1893 च्या चर्चच्या भिंती काळ्या दगडाच्या चिपांच्या आहेत. त्या भागात शेताचे बांध आणि घरांच्या भिंती अशाच चिपा मातीत रचून करायचे. पाऊस आला की माती वाहून जायची. दे रोत्झ यांनी मातीत चुना आणि वाळू मिसळली. एवढाच बदल. पण त्या भिंती सव्वाशे वर्षांनंतरही उभ्या आहेत आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. बायकांना रोजगार मिळावा म्हणून त्यांनी तिथे शेवयांचं काम काढलं. त्यांच्या नावाच्या शेवया अजून विकत मिळतात. तेत्सुकावाने यांच्याकडून काय उचललं असेल तर माझ्या मते हेच: हाताशी जे आहे त्यातून बांधायचं.

ते पाहायला नारू बेटावर एगामिला जावं. 1881 मध्ये इथल्या चार कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. 1918 मध्ये चर्च झालं तेव्हा गाव पन्नासेक घरांचं असेल. पैसा किबिनागोचा. किबिनागो म्हणजे बोटभर लांबीची, अंगावर चंदेरी पट्टा असलेली मासळी. तिचे थवे लागले की जाळी भरून यायची, आणि त्यातून गावाने चर्चसाठी पैसा बाजूला काढला. बांधणारा तेत्सुकावा. झाडीच्या आडोशाला, बंद पडलेल्या शाळेच्या शेजारी साय रंगाच्या फळ्यांची ही इमारत आहे, खिडक्यांच्या चौकटी फिक्या निळ्या. जमीन ओलसर म्हणून ती खांबांवर उचललेली आहे. दमट हवा बाहेर पडायला वळचणीच्या फळ्यांत भोकं ठेवली आहेत, पण ती नुसती भोकं नाहीत, नक्षी आहे. गरज होती हवेची, तीही साजरी करून भागवली.

दारात चपला काढायच्या. आत फोटो काढायला मनाई आहे आणि ते बरंच आहे, कारण हातात मोबाईल नसला की माणूस जवळ जातो. देखरेखीला असलेल्या आजींनी खुणेनेच मला खांबापाशी नेलं. लांबून खांब छान रेषांच्या भारी लाकडाचे वाटतात. हातभर अंतरावरून कळतं की त्या रेषा रंगाच्या आहेत. साध्या लाकडावर कुणीतरी ब्रशने, एकेक करून, उंची लाकडाचे वळसे आणि गाठी काढल्या आहेत. एका खांबावर ब्रश जरा जास्त भरला होता, तिथे रेष ओघळून जाड झाली आहे. खिडक्यांच्या काचांवरची फुलंही हाताने रंगवलेली. रंगीत काच परवडली नाही म्हणून साध्या काचेवर फूल काढलं. खांबांच्या डोक्यावर पानांची कोरीव शीर्षं आहेत. पान ग्रीस-रोमच्या इमारतींवरचं, अकँथसच्या कुळातलं, पण कडा जरा मऊ, जपानी देवळांच्या तुळयांवरच्या पानावेलींची सवय असलेल्या पटाशीने काढलेल्या.

इथवर सगळं लाकूड दगडाचं सोंग घेत होतं, आणि स्वस्त लाकूड महाग लाकडाचं. काशिरागाशिमाला पोचल्यावर बाजी उलटते.

काशिरागाशिमा हे नाकादोरीच्या पूर्व टोकाचं एक इवलंसं बेट. एके काळी तिथे देवीच्या रोग्यांना नेऊन ठेवत, म्हणून इतर कुणी फिरकत नसे. लपून राहायला याहून चांगली जागा कोणती? 1859 च्या सुमारास ख्रिस्ती कुटुंबं तिथे गेली. त्यांना घेऊन जाणारा वसाहतीचा पुढारी बौद्ध होता, हेही खास गोतोचंच. 1868 च्या छळात सगळं बेट ओस पडलं, नंतर लोक परतले. 1887 मध्ये लाकडी चर्च झालं. 1910 मध्ये दगडी चर्च बांधायला घेतलं ते 1919 मध्ये संपलं. दगड बेटावरच होता. लोकांनी वालुकाश्म फोडला, पडावांतून आणला, खांद्यावरून चढवला. पैसा आटला की काम थांबायचं. सगळे जण पुन्हा मासेमारीला लागायचे. अखेर 1919 मध्ये बिशप कोंबाझ यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. बांधणारा अर्थात तेत्सुकावा, आणि त्याचं दगडातलं हेच एक चर्च.

आता तिथे पूल आहे, 1981 मध्ये झाला, विमानतळासाठी. विमानतळ कसा तर डोंगर सपाट करून केलेला, आणि 2006 पासून नियमित विमानच येत नाही. त्यामुळे गाड्या विमानतळावर लावायच्या आणि तिथून छोट्या बसने खाली खाडीत उतरायचं अशी व्यवस्था आहे. माणसं चर्च पाहायला विमानतळावर येतात आणि विमानाकडे कुणाची नजर नसते.

बाहेरून इमारत जाडजूड दिसते. घडीव दगडांची तोंडं मुद्दाम खडबडीत ठेवली आहेत, पिवळट आणि करडे. समोर मध्यभागी घंटेचा मनोरा, वर लहानसा घुमट आणि क्रूस. खिडक्या गोल कमानींच्या, टोकदार नव्हेत. एगामिचं सगळं बोलणं गॉथिक, हे त्याच्या आधीच्या रोमनेस्क वळणाचं. जवळ जाऊन दगडाच्या कडा पाहाव्यात. तोंड खडबडीत असलं तरी प्रत्येक दगडाच्या सांध्याच्या कडा टाकीने सरळ रेषेत आणल्या आहेत. सांध्यात बोटाचं नख जेमतेम शिरतं. हे लोक कोळी होते, पाथरवट नव्हते, हे विसरायला होतं.

दार उघडून आत जावं तर खांबच नाहीत. गोरिनमध्ये, एगामिमध्ये, तेत्सुकावाच्या बहुतेक चर्चांत खांबांच्या रांगा आहेत. इथे एकसलग दालन. दगडी भिंती पुरेशा जाड आहेत, मग खांब कशाला? पण खांब नाहीत म्हणजे छत तोलायला दुसरी युक्ती हवी. त्याने भिंतीतून दोन्ही बाजूंनी लाकडी घोडे पुढे काढले, त्यांवर दुसऱ्या पायरीने आणखी घोडे, आणि असं टप्प्याटप्प्याने पुढे येत मधला भाग उंच उचलला. इंग्रजीत याला हॅमर बीम म्हणतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं चौदाव्या शतकाच्या शेवटी केलेलं छत या घराण्यातलं सगळ्यांत मोठं. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या खेड्यांत पंधराव्या-सोळाव्या शतकांतली अशी छतं पुष्कळ आहेत, आणि तिथे घोड्यांच्या टोकांवर पंख पसरलेले देवदूत कोरलेले असतात.

काशिरागाशिमात देवदूत नाहीत. फुलं आहेत.

घोड्यांच्या टोकांशी, भिंत आणि छत भेटतात त्या पट्टीत, छताच्या चौकोनांत, वेदीच्या मागे, जिथे पाहावं तिथे उठावातली फुलं आणि पानं. पाकळ्या पांढऱ्या, पानं हिरवी, आणि मागचा रंग फिका निळा, गुलाबी, साय. बाहेरच्या दगडाने जो गंभीर चेहरा धरला होता तो आत एकदम सुटतो. इथले लोक या चर्चला फुलांचं देऊळ म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. आणखी एक गोष्ट. एगामिमध्ये लाकूड आपण दगडी छत असल्याचं भासवत होतं. इथे भिंती खरोखर दगडाच्या असताना तेत्सुकावाने दगडी छताचं नाव काढलं नाही. लाकूड उघडं ठेवलं, घोडे घोडेच दिसू दिले, ओझं कुठून कुठे जातंय ते पाहणाऱ्याला वाचता येईल असं ठेवलं. इथे या माणसाला नक्कल करण्याची गरज वाटली नाही. त्याच्या सगळ्या कामांत मला हे वरचं वाटतं ते त्यामुळे, दगडामुळे नाही.

आता त्या फुलांविषयी. गोतो कॅमेलियाची बेटं आहेत. हिवाळ्यात डोंगर लाल फुलांनी भरतात, बियांचं तेल केसांना लावतात, आणि गोतोच्या बारीक उदोन शेवया वळताना पिठाला हेच तेल लावतात. चर्चमधलं फूल हे कॅमेलिया, असं इथे सांगतात. खऱ्या कॅमेलियाला पाच किंवा जास्त पाकळ्या असतात, चर्चमधल्या फुलांना बरेचदा चारच. वाटाडे सांगतात, चार पाकळ्या म्हणजे क्रूस. शक्य आहे. शतकानुशतकं क्रूस लपवून ठेवलेल्या लोकांना ही रीत सुचणं अगदी स्वाभाविक आहे. पण मला दुसरीही शंका येते. चौकोनी फळीवर चार पाकळ्यांचं फूल चपखल बसतं, कोपरे आपोआप भरतात, आणि शेकडो फुलं काढायची तर कुठलाही सुतार तेच निवडेल. दोन्ही कारणं एकाच हातात असू शकतात. बौद्ध सुताराने भक्तांच्या सांगण्यावरून कोरलेल्या फुलाचा अर्थ एकच असला पाहिजे असा हट्ट आपण का धरावा?

चर्चच्या खालच्या वाळूवर गावाची दफनभूमी आहे. जपानी पद्धतीचे चौकोनी दगडी थर, आणि वर क्रूस. हिला चर्चचीच पुरवणी म्हणून पाहावं. तोच दगड, तेच हात, आणि तीच जपानी बैठकीवर परदेशी टोक बसवण्याची रीत.

2018 मध्ये युनेस्कोने नागासाकी भागातली छुप्या ख्रिस्त्यांची बारा स्थळं जागतिक वारशात घेतली. गंमत म्हणजे जपानने पहिला प्रस्ताव चर्चांचा दिला होता. 2016 मध्ये तो मागे घेऊन, भर बंदीच्या काळावर दिला आणि पुन्हा पाठवला. त्यामुळे यादीत आज आहे ते काशिरागाशिमातलं गाव, एगामितलं गाव, हिसाकातलं गाव. चर्च त्या गावाचा भाग म्हणून येतं, लपणं संपल्याची खूण म्हणून. इतिहासाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. तरी वास्तूवर प्रेम करणाऱ्याला थोडी चुटपुट लागते. तेत्सुकावाचं काम एवढं दुय्यम नव्हे.

आणि गावं राहिली आहेत कुठे? नोझाकि बेटावर सतरा कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन, एकत्र राहून, पैसा साठवला आणि तेत्सुकावाकडून 1908 मध्ये नोकुबिचं चर्च बांधून घेतलं, त्याचं विटेतलं पहिलं. 1971 मध्ये शेवटची माणसं गाव सोडून गेली. 1985 मध्ये ओजिका नगरपालिकेने इमारत दुरुस्त केली. आता तिथे रानटी हरणं आहेत आणि टेकडीवर विटांचं चर्च. इतर ठिकाणीही तरुण मुलं नागासाकीला किंवा फुकुओकाला गेली आहेत. खारा वारा आणि वाळवी लाकडाला सोडत नाहीत. राष्ट्रीय दर्जा मिळालेल्या इमारतींना सरकारी मदत आहे, बाकीच्यांना गावातले चार वृद्ध आहेत, तेच झाडतात, तेच किल्ली ठेवतात.

जायचंच असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. वारशातल्या चर्चांना आधी कळवून जावं लागतं. ही प्रार्थनेची ठिकाणं आहेत, मिस्सा किंवा अंत्यविधी चालू असेल तर दर्शन नाही. बेटांमधल्या बोटींचं वेळापत्रक आधी हातात घ्यावं आणि मग बाकीचं ठरवावं, उलटं करू नये. आधी गोरिन, मग एगामि, शेवटी काशिरागाशिमा असा क्रम लागला तर उत्तम, कारण सुतारांचा हात कसा बदलत गेला ते त्या क्रमाने दिसतं. फुकुएवरचं दोझाकिचं विटांचं चर्च जाता-येता कधीही होतं. आता तिथे संग्रहालय केलं आहे, आणि निशिझाकाच्या त्या गोतोच्या योहानाच्या अस्थी तिथे ठेवल्या आहेत. नोकुबिला मी जाऊ शकलो नाही, समुद्र खवळला आणि बोट सुटली नाही. म्हणून त्याच्या कोरीवकामाबद्दल वर एक ओळही लिहिली नाही.